क्लचची कुळकथा

गणेशगुडी हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीच्या निमित्ताने ऐकले असेल. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले, काळी नदीच्या काठचे हे लहानसे गाव. येथेच सुपा धरणाची १०१ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभी आहे. १९७४ साली तिचे काम सुरू झाले आणि १९८७ साली पुरे झाले. तिच्या पाठीमागच्या पाण्यात जुने सुपे गाव बुडाले, तेथल्या पुष्कळ कुटुंबांचे पुनर्वसन रामनगरला झाले, आणि पूर्वी सुप्याच्या नावाने ओळखला जाणारा तालुका आता जोयड्याच्या नावाने ओळखला जातो. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा सारा मुलूख प्रथम मुंबई इलाख्यात व मागाहून मुंबई राज्यात मोडत होता. त्यामुळे मराठी येथे परकी नाही.

गणेशगुडीहून निघालेला रस्ता जोयडा, कुंभारवाडा, अणशी असा घाटमाथ्यावरून जातो, अणशीचा घाट उतरतो आणि कद्र्यावरून कारवारला समुद्रकाठी पोहोचतो. उलट दिशेने येणाऱ्या गाडीला जवळजवळ समुद्रसपाटीपासून सह्याद्रीचा माथा गाठावा लागतो. दाट अरण्य, आखूड वळणे, चार महिने कोसळणारा पाऊस आणि मैलोगणती एखादे दुकानही नाही, अशी ही वाट. या चढावर मोटारीचा कोणता अवयव प्रथम तक्रार करतो, असे विचारले तर कोणी इंजिनाचे नाव घेईल, कोणी ब्रेकचे. परंतु अनुभवी चालकाचे नाक एका निराळ्याच वासाकडे लागलेले असते. तो वास जळक्या क्लचचा होय. एकदा तो दरवळला की गाडी नुसती रस्त्याच्या कडेला घेऊन भागत नाही. इंजिन धडधडत असते, चाके मात्र हलत नाहीत, आणि चढावर उभी राहिलेली गाडी मागे सरकू लागते.

गाडी मिस्त्रीकडे नेली की बहुधा दोनच शब्द ऐकू येतात : 'प्लेट गेली.' प्लेट गेलेली असते हे खरे. पण ती का गेली, याचे उत्तर त्या दोन शब्दांत नसते. नवी प्लेट बसते, पैसे मोजले जातात, आणि सहा महिन्यांनी तीच गाडी त्याच घाटात त्याच वासासह उभी राहते. क्लचच्या बाबतीत दुखणे एका जागी आणि कारण दुसऱ्या जागी, असा प्रकार फार. तो नीट समजावयाचा असेल तर या अवयवाची कुळकथा थोडी मागे जाऊन पाहावी लागते. कारण क्लचमध्ये जी जी सुधारणा झाली ती जुने एक दुखणे घालवून नवे एक दुखणे घेऊन आली.

क्लचचे काम तसे साधे आहे. इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरत राहिले पाहिजे, आणि गाडी तर कधी थांबली, कधी चालली पाहिजे. तेव्हा फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ हवी तेव्हा बांधता यावी, हवी तेव्हा सोडता यावी, आणि बांधताना हिसका बसू नये. खेड्यातली जुनी पिठाची गिरणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे कातड्याचा लांब पट्टा फिरतो. दळण संपले की गिरणीवाला तो पट्टा कामाच्या चाकावरून शेजारच्या सुट्या चाकावर सरकवितो. इंजिन चालू राहते आणि जाते थांबते. कार्ल बेन्झने १८८६ साली आपली तीनचाकी मोटार केली तेव्हा तिलाही नेमकी हीच योजना होती : एक पट्टा, एक पक्के चाक, एक सुटे चाक. आणि गिरणीच्या पट्ट्याचे दुखणेही तिच्याबरोबर आले. ओल लागली की पट्टा सैल पडे आणि घसरे. गिरणीवाला त्याला राळ लावी. रस्त्यात उभ्या राहिलेल्या मोटारवाल्याला मात्र पट्टा ताणीत बसावे लागे.

फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांनी १८९१ च्या सुमारास इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरपेटी आणि शेवटी मागची चाके अशी मांडणी केली. पुढे शतकभर बहुतेक मोटारींनी तीच उचलली. त्या काळचा क्लच शंकूच्या आकाराचा असे. इंजिनाच्या जड फ्लायव्हीलला आतून उतार दिलेला, आणि त्यात घट्ट बसणारा, वर कातडे चढविलेला दुसरा शंकू. स्प्रिंगने तो आत दाबला की गाठ बसली, पायाने मागे ओढला की सुटली.

या कातड्याच्या क्लचपाशी मला थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण रोगनिदानाची सगळी मेख त्यात उघडी दिसते. कातडे वाळले की ते एकदम पकडी. गाडी बेडकासारखी उडी मारून निघे आणि आतली माणसे मागे आदळत. त्यावर उपाय एरंडेल तेल : ते लावून कातडे मऊ करावयाचे. उलट इंजिनाचे तेल झिरपून कातड्यावर आले की क्लच घसरे. त्यावर उपाय मुलतानी माती. होय, आपल्या घरात तोंडाला लावतात तीच. ती भुरभुरली की तेल शोषले जाई आणि पकड पुन्हा येई. म्हणजे एका दुखण्याचे औषध ते दुसऱ्याचे विष. घसरणाऱ्या क्लचला कोणी एरंडेल पाजले तर गाडी जागची हलेना, आणि वाळक्याला माती चोळली तर ती अधिकच उड्या मारी. त्या काळच्या चालकाला आधी लक्षण ओळखावे लागे, मग डब्याचे झाकण उघडावे लागे. शिवाय मुलतानी माती ही तात्पुरती मलमपट्टी आहे, हेही त्याला ठाऊक असे, कारण तेल जेथून झिरपले ती वाट बंद केल्यावाचून ते पुन्हा येणारच. आज शंभराहून अधिक वर्षांनी घसरणाऱ्या क्लचपैकी कित्येकांचे मूळ याच झिरपण्यात असते, आणि तरीही प्लेट बदलून वाट तशीच सोडून देण्याची रीत चालू आहे.

शंकूचा दुसरा दोष त्याच्या वजनाचा होता. पाय दाबून गाठ सोडली तरी तो जड शंकू आपल्याच वेगाने गरगरत राही. त्यामुळे गिअर बदलताना दात किरकिरत. जुन्या चालकांची दोनदा क्लच दाबण्याची सवय याच काळातली आहे.

यावर उपाय म्हणून तेलात बुडालेल्या अनेक पातळ चकत्यांचा क्लच आला. प्राध्यापक हेले-शॉ यांच्या क्लचचा त्या वेळी मोठा लौकिक होता. तेलामुळे तो अलगद पकडे. परंतु थंडीत तेल घट्ट झाले की चकत्या एकमेकींना चिकटून बसत. फोर्डच्या १९०८ च्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीतही तेलातल्याच चकत्या होत्या, आणि कडाक्याच्या थंडीत हँडल मारून ती सुरू करणाऱ्या माणसाच्याच अंगावर ती हळूहळू चालून येई. म्हणून थंड मुलखातले शहाणे लोक आधी मागचे एक चाक जॅकवर उचलून ठेवीत आणि मग हँडल मारीत. क्लच 'न सुटण्या'चे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

खरा पालट घडविला तो एका नव्या पदार्थाने. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ डोंगरउतारावरून येणाऱ्या गाड्या पाही. चाकाला अडसर म्हणून शेतकरी जुने बूट बांधीत, असे सांगतात. ते पाहून त्याने घर्षणाच्या पदार्थांचे प्रयोग आरंभले. १८९७ साली त्याने सुरू केलेला धंदा पुढे फेरोडो या नावाने जगभर गेला. या नावात फ्रूडच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून मांडलेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी घर्षणाच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आले. ते उष्णतेने जळत नाही, चेंगरत नाही, स्वस्तही पडते. त्याच्या बळावर एकच पातळ, हलकी, कोरडी चकती पुरेशी झाली. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती दाबून धरली की गाठ बसली. फोर्डने आपल्या 'मॉडेल ए' गाडीला आरंभी अनेक कोरड्या चकत्या दिल्या होत्या. १९२८ च्या अखेरीस त्याही टाकून तो एका चकतीवर आला. कातडे गेले, एरंडेल गेले, मुलतानी माती पुन्हा बायकांच्या कपाटात गेली.

या पदार्थाने नवे दुखणे आणले, पण ते गाडीला झाले नाही, माणसाला झाले. अस्तर झिजले की त्याची बारीक धूळ क्लचच्या पेटीत साठते. ती वाऱ्याच्या नळीने किंवा तोंडाने फुंकून काढण्याची गॅरेजची जुनी सवय. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतले म्हणजे वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी कर्करोगासारखे रोग डोके वर काढतात. ब्रिटनने १९९९ साली बंदी घातली आणि युरोपीय संघात २००५ पासून ती सर्वत्र लागू झाली. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. नव्या गाड्यांच्या अस्तरात काचतंतू व इतर तंतू आलेले आहेत, तरी जुन्या गाडीच्या पेटीतली धूळ कशाची आहे हे नुसते पाहून कळत नाही. ती ओल्या फडक्याने पुसावी, फुंकू नये. हे सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही, कारण यात जीव गुंतलेला आहे, आणि तो बहुधा पंधरा-सोळा वर्षांच्या हाताखालच्या पोराचा असतो.

आपल्या देशात ही कोरडी एक चकती स्वातंत्र्याबरोबरच घरोघर पोहोचू लागली, असे म्हटले तरी चालेल. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. महिंद्रांनी मुंबईत जीप जुळविण्यास आरंभ केला तोही त्याच साली. १९५४ पासून जमशेदपुरात टाटांच्या मर्सिडीज-बेन्झ मालमोटारी तयार होऊ लागल्या. जंगलखात्याचे रस्ते, लाकडाच्या लॉऱ्या, पुढे धरणाचे काम, अशा सर्व ठिकाणी या घराण्यांतल्या गाड्या राबल्या. १०१ मीटरची भिंत काही बैलगाडीने उभी राहत नाही. सिमेंट, वाळू, खडी भरलेल्या गाड्या चढावर पहिल्या गिअरमध्ये निघतात तेव्हा प्रत्येक वेळी तो सगळा भार त्या बोटभर जाडीच्या चकतीला क्षणभर घसरत पेलावा लागतो.

आता या चकतीची दुखणी पाहू.

पहिले आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे घसरणे. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र वाढत नाही. सपाटीवर हे लक्षात येत नाही, घाटात येते. म्हणूनच घाट चढण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढावा, चाकांना दगड लावावेत, वरचा गिअर घालावा आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन गुदमरून बंद पडते. ते फिरतच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी, कारण ती स्वतःच अस्तर जाळते.

घसरण्याची कारणे तीन-चार आहेत. अस्तर झिजले, स्प्रिंग मंदावली, तेल आले, किंवा पायदानाची मोकळी चाल संपली. हे शेवटचे कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. ब्रेक झिजला की पायदान खाली जाऊ लागते, आपल्याला कळते. तारेच्या किंवा दांडीच्या क्लचचे उलट आहे. अस्तर पातळ झाले की प्रेशर प्लेट पुढे सरकते, तिच्या तरफांची आतली टोके मागे येतात आणि बेअरिंगला टेकतात. पायदानाची मोकळी चाल कमी कमी होत नाहीशी होते, आणि पाय वर असतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. अशा गाड्यांत साधारण वीस ते पंचवीस मिलिमीटर मोकळी चाल असावी लागते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. वेळीच पाहिले तर एक नट दोन फेरे फिरवून काम भागते. न पाहिले तर प्लेट जाते, आणि तिच्याबरोबर बेअरिंगही.

तेलाचे निदान तर नाकाने आणि बोटाने होते. पेटी उघडल्यावर चकतीवर पातळ, काळे तेल दिसले तर ते इंजिनाचे. मागच्या बाजूचे त्याचे सील गेलेले आहे. दाट आणि उग्र, गंधकासारख्या वासाचे असेल तर ते गिअरपेटीचे. दोन्ही बाबतीत पाचपन्नास रुपयांचे असो की पाचशेचे, सील बदलल्यावाचून नवी प्लेट घालणे म्हणजे फुटक्या घड्यात पाणी ओतणे.

दुसरे दुखणे न सुटण्याचे. पायदान तळापर्यंत दाबूनही गिअर पडत नाही, मागचा गिअर तर करकरतो. याचीही परीक्षा आहे : इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, तीन-चार सेकंद थांबावे आणि मगच मागचा गिअर घालावा. तरीही दात किरकिरले तर चकती अजून फिरते आहे. मोकळी चाल फार झाली असेल, तार ताणली असेल, द्रवाच्या क्लचमध्ये हवा शिरली असेल किंवा गळती असेल, चकती वाकली असेल. गणेशगुडीसारख्या पाऊसमुलखात आणखी एक कारण नित्याचे आहे. आषाढात महिना-दीड महिना जागेवर उभी राहिलेली गाडी श्रावणात काढावयास जावे तर क्लच सुटतच नाही, कारण ओलीने चकती फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते, किंवा ज्या खाचांच्या दांड्यावर ती मागेपुढे सरकते त्या खाचा गंजलेल्या असतात. येथे प्लेट झिजलेली नसते. माणूस जाणता असेल तर ती पुष्कळदा न बदलता सुटते. ओढ्यातून गाडी काढल्यावर क्लच थोडा वेळ चमत्कारिक वागतो, ते मात्र चार-सहा वेळा जपून लावला-सोडला की बहुधा जाते.

तिसरी थरथर. गाडी सुटताना अंगभर कापते. यात चकतीवर आलेले थोडेसे तेल, प्रेशर प्लेटच्या तरफांची असमान उंची, इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते ते फाटलेले, अथवा फ्लायव्हीलवर उष्णतेने पडलेले निळसर डाग, यांपैकी काहीही असू शकते. रबरी आधार पाहण्यास पेटी उघडावी लागत नाही, म्हणून ते आधी पाहावेत. इतके साधे असूनही हा क्रम नेहमी उलटा होतो, याचे मला नवल वाटते. डागाळलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसविली तर ती पहिल्या दिवसापासून थरथरते आणि दोष नव्या प्लेटच्या माथी येतो.

आवाजाचे निदान पायानेच करावे. क्लच दाबला की आवाज येतो, सोडला की जातो : रिलीज बेअरिंग. दाबला की जातो, सोडला की येतो : गिअरपेटीचे पुढचे बेअरिंग. जे चालक पाय पायदानावर विसावून गाडी हाकतात त्यांचे रिलीज बेअरिंग लवकर जाते. चढावर हँडब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारे दुसरे. हा त्यांना कसबाचा भाग वाटतो. त्या अर्ध्या मिनिटात चकतीची जी होळी होते ती त्यांना दिसत नाही, एवढेच.

स्प्रिंगांची कथा राहिली. जुन्या प्रेशर प्लेटमध्ये वेटोळ्याच्या अनेक स्प्रिंगा असत. अस्तर झिजले की त्यांचा दाब उतरे, आणि इंजिन फार वेगाने फिरले की त्या बाहेरच्या बाजूस फुगत. त्यांच्या जागी पुढे बशीसारखी एकच स्प्रिंग आली. अस्तर झिजले तरी तिचा दाब फारसा उतरत नाही, आणि पायाला ती हलकी लागते. यातही गोम आहेच. जुना क्लच मरण्यापूर्वी पुष्कळ दिवस कुरकुरे. हा शेवटपर्यंत सुखाने चालतो आणि मग थोडक्यात जातो. त्याला जोडून द्रवाची आपोआप जुळणारी योजना आली आणि मोकळ्या चालीचे लक्षणही नाहीसे झाले. तेथे द्रवाच्या डबीकडे पाहावे लागते. पातळी उतरत असेल तर गळती शोधावी.

२०१४ पासून आपल्याकडच्या लहान गाड्यांत क्लचचे पायदानच नसलेला प्रकार आला. गिअर आपोआप पडतात, म्हणून लोक समजतात की क्लच गेला. तो गेलेला नाही. तीच कोरडी चकती आत आहे. फक्त दाबणारा पाय यंत्राचा आहे. अणशीच्या वळणावर पुढे लॉरी अडकून रांग लागली असता अशा गाडीच्या चालकाने ब्रेक दाबून थांबावे. अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर ते यंत्र मुकाट्याने अर्धा क्लच धरून उभे राहते, आणि आत बसलेल्या माणसाला ते कळते तेव्हा काचेबाहेरून तो जुना वास आत आलेला असतो.